संध्याकाळची गणती

त्या सुताराला सगळे रेडिओ म्हणत. हे नाव शोधायला कोणाला डोकं खाजवावं लागलं नव्हतं. सकाळी दुकान उघडलं की हा सुरू, आणि रात्री उशीवर डोकं टेकलं की बंद. तेसुद्धा लगेच नाही. बायकोच्या म्हणण्याप्रमाणे झोपेतही अर्धा तास खरखर चालायची. रंधा मारताना बोलायचा, तोंडात खिळे धरून बोलायचा, आणि बोलायचा ते सगळं खरंच असायचं असंही नाही. एका जुन्या टेबलाच्या खणात आपल्याला जिवंत कासव सापडलं होतं, असं तो सांगे. ऐकणाऱ्याने भुवई वर केली की लगेच कासवाचं वयही सांगे.

त्यामुळे पुढची हकिगत त्याने चारचौघांत सांगितली असती तर कोणीही हसून सोडून दिली असती. पंचाईत अशी, की ती त्याने बायकोखेरीज कोणालाच सांगितली नाही. रेडिओ गप्प बसला, आणि लोकांनी कान टवकारले ते तेव्हा.

त्याची आणखी एक खोड होती. लाकूड दिसलं की मधल्या बोटाचं पेर त्यावर मारून बघायचं. टक्. आवाज भरीव आला तर लाकूड निरोगी, पोकळ आला तर आत वाळवीने संसार थाटलेला. हे धंद्याचं झालं. पण हात इतका सरावला होता, की दवाखान्यात बसला तरी बाक वाजवायचा. सासऱ्यांना पहिल्यांदा भेटायला गेला, तेव्हा बोलता बोलता त्यांचं कपाट वाजवून, “आतून गेलंय हो हे,” असं सांगून आला होता. आपण वाजवलं हे त्याला कळायचंही नाही. दुसरे कान खाजवतात, हा लाकूड वाजवायचा.

घरात तिघं. तो, बायको आणि आई. आई अंथरुणाला खिळलेली, नजर गेलेली, कान मात्र मांजराचे. पलंग रेडिओनेच केलेला. पाणी हवं असलं की आई पलंगाच्या दांडीवर बोट वाजवायची. बोटं इतकी वाळली होती की अंगठीला दोरा गुंडाळला तरी ती हलायची, आणि आवाज जोडीने यायचा. टक्, आणि त्याच्या मागून बारीकसं किण्.

थोरला भाऊ, दादा, एकोणीस वर्षांपूर्वी मठात निघून गेला होता. भांडण नाही, तंटा नाही, कुठे मन गुंतल्याची कुणकुण नाही. एका सकाळी आपलं ताट धुतलं, पालथं घातलं आणि गेला. मठ काही परमुलखात नव्हता. बसने तासभर, मग टेकडी चढायची. पण तिथली माणसं खाली येत नसत आणि घरच्यांना वर बोलावत नसत. माणसं मठात का जातात, याच्या रेडिओकडे पाच-सहा गोष्टी तयार होत्या. गिऱ्हाईक बघून तो त्यातली एक काढायचा. खरं कारण त्याला ठाऊक नव्हतं, आणि आईला तर मुळीच नव्हतं.

“घेऊन येता आलं तर बघ रे धाकट्या,” आई म्हणायची. “नाहीच आला तर निदान विचारून ये. का गेलास, एवढंच. माझं काय चुकलं, ते कळल्याशिवाय मला जाता येईना.”

डॉक्टरांनी बायकोला बाजूला घेऊन सांगितलं होतं, महिना धरून चाला. आणि त्याच आठवड्यात मठातून निरोप आला. दारांच्या चौकटींना वाळवी लागली आहे, मिस्त्री पाठवा.

रेडिओने हत्यारांची पिशवी भरली. आईच्या पायाला हात लावून म्हणाला, “बघ, वाळवीसुद्धा आपल्या बाजूची आहे.”

मठाच्या फाटकावर एक म्हातारे काका बसलेले होते. त्यांनी आधी पिशवी बघितली, मग माणूस बघितला.

“मिस्त्री, इथे बोलायचं नाही.”

“कोणी?”

“तुम्ही.”

“आणि तुम्ही बोलताय ते?”

“मी दारावर आहे. दाराला बोलावं लागतं.” काका हसले. “दिवसभर गप्प. संध्याकाळी गणती झाली की अर्धा तास सगळ्यांना मोकळीक. काय बोलायचं ते तेव्हा बोला.”

“गणती कसली?”

काकांनी सांगितलं. ओळीने बारा खोल्या, एका खोलीत एकच माणूस, मधे भिंत. दिवस मावळताना पहिल्या खोलीतले थोरले भिंतीवर एकदा वाजवतात. ते ऐकून दुसरा पलीकडच्या भिंतीवर वाजवतो, ते ऐकून तिसरा. कोणी आजारी असला, पडला असला, तर तिथे आवाज तुटतो, मग सगळे धावतात. “एकेकट्या माणसांनी एकमेकांची खबर ठेवायची कशी? तर अशी.”

“आणि किती भरतात?”

“बारा. मी आलो तेव्हापासून बाराच. मधे दोन माणसं वारली, खोल्या वर्षभर रिकाम्या होत्या. तरी बाराच.”

“मग रिकाम्या खोल्यांतून कोण वाजवायचं?”

काका पुन्हा हसले, पण या वेळी डोळे हसले नाहीत. “दाराने सगळंच बोलावं असं कुठे आहे? बारावीत कोणी राहत नाही. तिची चौकट शेवटी घ्या. आणि गणती चालू असताना हत्यार खाली. एवढं ध्यानात ठेवा.”

मग दिवसभर रेडिओ गप्प होता. ज्यांना तो ठाऊक आहे त्यांना ही एवढी एकच गोष्ट पटणार नाही. पण खरंच होता. सुरुवातीला घशात शब्द दाटून आले, मग कान ताणले गेले. पटाशीचा आवाज, भुसा पडल्याचा आवाज, मग स्वतःचाच श्वास. लांबलचक ओसरी, चुन्याचा गारढोण वास, दिव्याच्या जळक्या वातीचा वास, आणि ओळीने उघडी दारं. प्रत्येक दारात पाठमोरा एकेक माणूस. ती शांतता स्वस्थ बसलेली नव्हती. कोणीतरी कान देऊन बसलं की पडते, तसली होती ती. रेडिओला सारखं मागे वळून बघावंसं वाटत होतं.

अकराव्या खोलीत दादा होता. डोक्याचा तुळतुळीत गोटा केलेला, मान बारीक झालेली, पण कान तेच, बाहेर आलेले. त्याने एकदा वळून बघितलं. धाकट्याला ओळखलं. मग त्याची नजर धाकट्याच्या हातावर गेली, आणि का कोण जाणे, तिथेच राहिली. रेडिओच्या तोंडाशी, “दादा, आई,” एवढं आलं होतं. त्याने ते गिळलं. संध्याकाळची वाट बघायची.

खोल्या सगळ्या सारख्या. एक बाज, एक स्टूल, वर एक झरोका, दाराला आतून कडी. आणि भिंतीत, बसलेल्या माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर, चुना झिजून पडलेला एक खळगा. वर्षानुवर्षं पेरं मारून पडलेला.

बाराव्या खोलीत बाज नव्हती, स्टूल नव्हतं. दाराला आतून कडी नव्हती, बाहेरूनही नव्हती. फरशी लख्ख झाडलेली. खळगा मात्र होता, इतर सगळ्यांपेक्षा खोल, आत अक्रोड बसावा एवढा. फक्त तो खांद्याच्या उंचीवर नव्हता. फरशीपासून वीतभर वर होता.

रेडिओ उकिडवा बसून त्या खळग्याकडे बघत राहिला. मांजर म्हणावं तर मांजर भिंत वाजवत नाही. लहान मूल म्हणावं तर मठात मूल कुठलं? त्याने मनाशी एक गोष्ट रचायचा प्रयत्न केला, कासवाची जुनी गोष्टसुद्धा आठवून बघितली. जमेना. तो उठून चौकटीपाशी गेला.

झरोक्यातलं ऊन भिंतीवरून वर सरकत गेलं आणि विझलं. लांब, ओळीच्या दुसऱ्या टोकाला वाजलं.

टक्.

रेडिओने हातोडी खाली ठेवली. पटाशी ठेवली. सांगितल्याप्रमाणे उभा राहिला.

दुसरा. तिसरा. आवाज एकेका भिंतीतून पलीकडे जात, अंधारात कोणी दिवा हातोहात द्यावा तसा, जवळ येत होता. सातवा जरा खरखरीत. नववा घाईचा. दहावा. मग अगदी शेजारच्या भिंतीतून अकरावा, दादाचा. सावकाश आणि नेमका. लहानपणी दार वाजवायचा तस्साच. रेडिओच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते दिसू नये म्हणून, कोण बघणार होतं देव जाणे, त्याने मान वळवली. समोर चौकटीला लागून चुन्याला फुगवटा आलेला. आत फळी दडवलेली असणार. खाल्ली असेल का?

टक्.

फळी पोकळ होती.

हात खाली आला तेव्हा त्याला कळलं, आपण वाजवलं. हत्यार खाली होतं हो. पण पेर म्हणजे हत्यार असं त्याला आयुष्यात कधी वाटलंच नव्हतं.

आणि मग त्या खोलीत जे झालं ते म्हणजे काहीच झालं नाही. पण ते काहीच न होणं रेडिओने अंगावर अनुभवलं. बोलण्यासाठी कोणी श्वास आत ओढावा, आणि दुसऱ्याने आधीच बोलून टाकावं, मग तो ओढलेला श्वास तसाच राहावा... तसं. त्याच्या पायांपाशी. फरशीपासून वीतभर वर.

तो बाहेर आला. पाय आपणहून आले म्हणा.

ओसरीवर सगळे जमले होते. मोकळिकीचा अर्धा तास सुरू झाला होता, आणि एकही माणूस बोलत नव्हता. दादाने त्याचा दंड धरून त्याला खांबाआड नेलं.

“धाकट्या... तू वाजवलंस?”

“दादा, एकोणीस वर्षांनी भेटतोयस! आधी मिठी मार, नाहीतर शिवी घाल. आई तिकडे...”

“तू वाजवलंस का?”

“अरे, लाकूड बघत होतो. हाताला सवय...”

दादाने डोळे मिटले. “लगेच वाजलं. आणि वरून. तेव्हाच म्हटलं हा तो नाही. तो थांबून वाजवतो.”

“तो कोण?”

दादाने ओसरीकडे एकदा बघून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाला, “हा मठ कसा सुरू झाला ठाऊक आहे तुला?”

“एक राजा होता,” रेडिओने सवयीने सुरुवात केली, “त्याची राणी...”

“राजा नव्हता. भरल्या घरातला मधला मुलगा होता. घरातली नऊ माणसं एका खोलीत झोपायची. याला झोप नसायची. अंधारात पडल्या पडल्या हा श्वास मोजायचा. माणसं नऊ, श्वास दहा. रोज. घरच्यांना सांगितलं, ते हसले. म्हणून निघाला. लोक सांगतात शांती शोधायला निघाला. तो मोजायला निघाला होता, धाकट्या. जिथे आपल्यावाचून कोणी नाही, तिथे एकच भरला पाहिजे ना? या टेकडीवर आला. पहिल्या रात्री मोजले. दोन भरले.”

रेडिओने पहिल्यांदाच मधे तोंड घातलं नाही.

“माणूस एकटा बसलेला लोकांना बघवत नाही. याला काहीतरी गवसलंय, असं धरून ते येऊन बसायला लागले. याने हाकलायला दगड मारले, त्यांनी त्याच दगडांच्या भिंती रचल्या. मग याने ठरवलं, आलेच आहेत तर एकेकाला वेगळं बसवू. मधे भिंत. बोलायचं नाही, कारण बोलण्यात श्वास ऐकू येत नाही. बायको-मुलं नाहीत, कारण आकडा हलतो. संध्याकाळी एकेकाने वाजवायचं. आपली माणसं संपली की मागे जो उरेल, तो... तो. आमचे सगळे नियम एवढ्यासाठी झाले. बाकी मन शांत होणं वगैरे मागाहून आलं, सवयीने.”

“आणि... उरला?”

“शेवटच्या खोलीतून वाजलं. खालून. त्याला मोजलेलं आवडतं. रोज मोजलं की स्वस्थ बसतो. नाही मोजलं, की मोजणारं माणूस शोधत फिरतो. म्हणून इथे माणसं बसून आहेत. दुसऱ्या कोणाच्या घरी तो जाऊ नये म्हणून.”

“तू का आलास दादा?” रेडिओने विचारलं. आवाज त्याचा नव्हताच. आईचाच होता तो. “ती मरणाला टेकलीय. तिला एवढंच हवंय. माझं काय चुकलं, म्हणते.”

दादाने खांबाला टेकून घेतलं.

“लहानपणी संध्याकाळी आईच्या जुन्या पलंगाखालून आवाज यायचा. आठवतं?”

“तूच वाजवायचास की. आई म्हणायची, बाहेर ये रे लबाडा. हात खाली सोडून तुझ्या केसांतून...”

“मी मागच्या पायरीवर असायचो, धाकट्या.” दादाचा आवाज आणखी उतरला. “खिडकीतून बघायचो. ती हात खाली सोडायची, बोटं अशी हलवायची. आणि मी बाहेर उभा. काय सांगणार होतो तिला? की एवढी वर्षं तू कुरवाळतेस तो मी नव्हे? मी त्याला मोजलं. घरातली चार माणसं, तो पाचवा. मनातल्या मनात मोजलं आणि निघालो. तो माझ्यामागून आला. इथे आधी कोणी होता की हाच तो, ते आम्हाला कळत नाही. आवाज एकच येतो.”

“मग आता चल. एका रात्रीपुरता चल. तिला हात लाव आणि ये परत.”

“मी अकरावी सोडली तर त्याला आपली पाळी कळणार कशी? आणि आज... आज त्याची पाळी तू घेतलीस. तो मोजलाच गेला नाही.” दादाने धाकट्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. एकोणीस वर्षांची मिठी ती तेवढीच. “उजेड आहे तोवर निघ. आईला काहीतरी सांग, तुला सुचतं. पण आज घरात माणसं मोजू नका. ताटं मोजू नका. उंबऱ्याबाहेरच्या चपलासुद्धा मोजू नका.”

टेकडी उतरताना रेडिओ एकदाही मागे वळला नाही. बसमध्ये मुद्दाम शेवटच्या बाकावर बसला, म्हणजे मागे कोणी नको. मग त्याच्या लक्षात आलं की बाकाखाली जागा आहे. त्याने पाय वर घेतले आणि अख्खा तासभर तसाच, पिशवी पोटाशी धरून, कोंबडीसारखा बसून राहिला. समोरच्या बाईंनी विचारलं, बरं वाटत नाही का? हा, आयुष्यात पहिल्यांदा, नुसती मान हलवून मोकळा झाला.

घराचं दार लोटलं तेव्हा बायको कंदील पुसत होती. वीज गेली होती. तिने मान वर केली. तिला एकटा नवरा दिसला.

आतून आईचा आवाज आला. केवढा मोकळा आवाज! महिनाभरात तसा ऐकला नव्हता.

“आलात? अगं बाई... दोघं आलात!”

रेडिओच्या हातातली पिशवी सुटली.

तो आत गेला. आईने उशीवरून मान उचलली होती. आंधळे डोळे त्याच्यावर नव्हते. त्याच्या बाजूला, जरा मागे, खाली लागले होते. चेहरा असा झाला होता की पंचवीस वर्षं गळून पडली असावीत. ‘एकटाच आलोय गं,’ हे त्याच्या जिभेवर होतं. अगदी टोकावर होतं. एवढं बोलून टाकलं असतं की झालं.

“बोलत का नाही रे तो?” आई म्हणाली. “माझ्यावर रागावलाय का अजून?”

“नाही आई.” आयुष्यभर ज्याने नको तिथे थापा मारल्या, त्याने ही एकच हवी तिथे मारली. “दादा आलाय. पण त्याचं मौन आहे. मठाचा नियम. तो बोलणार नाही.”

आईचा हात पलंगावरून खाली लोंबला. थोडा वेळ हवेत थांबला. मग तिची बोटं हलायला लागली, हळूहळू, पुढून मागे, कोणाच्या तरी डोक्यावरून फिरावीत तशी.

“केस अजून किती दाट आहेत रे तुझे,” ती म्हणाली.

रेडिओला तो तुळतुळीत गोटा आठवला आणि तो भिंतीला धरून बाहेर आला.

“अहो, हे काय सांगितलंत तिला?” बायको दबक्या आवाजात ओरडली. “उद्या विचारील तेव्हा कुठून आणाल दादांना?”

त्याने तिला सगळं सांगितलं. कंदिलाजवळ बसून, एकही गोष्ट न वाढवता. ती ऐकत गेली. शेवटी म्हणाली, “कासव बरं होतं त्यापेक्षा.” पण उठताना तिने साडी आवरून धरली आणि पलंगाच्या खोलीत ती गेली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पलंगाखालून वाजलं. टक्. आई हसली. “बघ! खोड गेली नाही अजून. आहेस रे बाबा, आहेस.” ती पोटभर जेवली. शेजारीपाजारी म्हणाले, चमत्कार आहे. रोज दिवस मावळताना ते वाजायचं, रोज ती हात खाली सोडायची. एका संध्याकाळी तिला औषधाची गुंगी होती. ती बोललीच नाही. मग आवाज पलंगाखाली राहिला नाही. भिंतीतून आला, दारातून आला, कपाटाच्या पायातून आला. सगळीकडे वीतभर उंचीवरून, घाईघाईने, घरभर, एखादं हरवलेलं पोर दारोदार विचारत फिरावं तसा. बायको ओट्यावर पाय वर घेऊन बसली होती. आई जागी झाली आणि पुटपुटली, “आहेस रे...” तेव्हा कुठे थांबला.

त्यानंतर रेडिओने काय करावं? जे टेकडीवरच्या त्या मधल्या मुलाने केलं तेच. दिवस मावळला की तो चौकटीवर एकदा वाजवायचा. मग बायको ओट्यावर. मग आई दांडीवर, टक्, किण्. तिला वाटायचं पोरं खेळ खेळतायत. मग जरा थांबून, खालून, चौथा. की घर रात्रभर चिडीचूप. तिघांनी तीन खोल्यांत बसायचं, त्या वेळी बोलायचं नाही, असा नियम कोणी केला नव्हता, झाला. रेडिओ दिवसाही बोलेनासा झाला. गिऱ्हाइकं चौकशी करायला लागली, दाढ दुखतेय का?

आई एकविसाव्या दिवशी गेली. जाताना म्हणाली, “विचारायचं होतं, का गेलास म्हणून. राहू दे आता. आलास ना.” हात खाली लोंबलेला होता. तो बायकोने उचलून छातीवर ठेवला. अंगठी काढून डबीत घातली, डबी कपाटात, कपाटाला किल्ली.

त्या संध्याकाळी घरात दोघंच. रेडिओने वाजवलं. बायकोने वाजवलं. आता तिसरा खालून यायचा.

रिकाम्या पलंगाच्या दांडीवरून आलं. टक्. किण्.

मग, जरा थांबून, खालून चौथा.

बायकोने किल्ली घट्ट मुठीत धरली होती. रेडिओला एवढंच आठवलं, मठातल्या दोन खोल्या वर्षभर रिकाम्या होत्या, आणि तरी बाराच भरत.

पंधरा दिवसांनी मठाचे फाटकावरचे काका बाजाराला म्हणून खाली आले होते, ते दुकानात डोकावले.

“मिस्त्री, आईंचं कळलं. दादा म्हणाले, भेटून या.”

“दादा आता तरी येईल का घरी?” रेडिओने विचारलं. “तो तिथे नाहीये हो. तो इथे आहे. आता दादाने कशाला बसून राहायचं?”

“मी तेच म्हटलं त्यांना. तुम्ही गेलात त्या दिवसापासून बारावीतून खालून वाजत नाही. पण ते म्हणतात, खोली सोडवत नाही. शेजारी धाकटा आहे.”

“कोण आहे?”

काकांनी टोपी काढली, पुन्हा घातली. “दाराने बोलू नये खरं तर. पण मिस्त्री, तुम्ही गणतीला रोज येता, फाटकातून येताना कधी दिसत नाही. अकरावा झाला की लगेच, चौकटीपाशी, वरून... टक्. सगळे ओळखतात आता. थोरले म्हणाले, त्याला विचार, एखाद्या दिवशी जेवायला थांबतोस का?”

काका गेले. रेडिओने दुकान बंद केलं, दिवस मावळायच्या आत घरी आला, वाजवायचं ते वाजवलं. चौघांचे चार भरले. मग तो हात धुवायला मोरीवर गेला. बायको टॉवेल घेऊन मागे उभी होती.

“अहो,” ती म्हणाली, “कधीची विचारीन म्हणतेय. दिवसभर लाकूडकाम करता तुम्ही. मग रोज संध्याकाळी या एकाच बोटाच्या पेराला चुना कुठून लागतो?”